क्रांती दारात येते तेव्हा: फर्नान्दो दे फ्वेन्तेस यांचे चित्रपट

चित्रपट-रसास्वादाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा होता: मेक्सिकोच्या बोलपटाचे पहिले मोठे दिग्दर्शक म्हणून फर्नान्दो दे फ्वेन्तेस यांचे नाव घेतात, त्यांनी १९३३ ते १९३६ या काळात मेक्सिकोच्या क्रांतीवर तीन कठोर चित्रपट केले आणि त्याच ओघात गाणी, घोडे आणि प्रेमातला गैरसमज असलेला एक गोड चित्रपटही केला, मग या माणसाची खरी कला कोणती मानायची, आणि त्यांच्या मागे राहिले ते काय? वर्गात वेळ थोडा होता आणि मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो. पण प्रश्न त्याहून मोठ्या उत्तराचा हक्कदार आहे. माझे आयुष्य संकलनाच्या टेबलाशी गेले आहे. त्यामुळे दे फ्वेन्तेस यांच्याकडे मी संकलकाच्या नजरेने पाहतो, आणि तेही दिग्दर्शक होण्याआधी संकलन केलेले असल्याने ही नजर त्यांच्या बाबतीत गैरलागू ठरू नये.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दे फ्वेन्तेस यांचे सगळे नाट्य घराच्या उंबरठ्यावर घडते. क्रांती दारात येऊन उभी राहते, आणि कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे, कोणासाठी दार उघडे ठेवून स्वतः निघून जायचे, हे घरातल्या माणसाला ठरवावे लागते. त्यांचे तिन्ही क्रांतिपट आणि तो गोड चित्रपटसुद्धा या एकाच जागेवरून पाहिले की त्यांच्यातला विरोध बराचसा विरघळतो.

त्यांचा जन्म १८९४ चा, व्हेराक्रूस या बंदराच्या शहरातला. क्रांती १९१० च्या अखेरीस पेटली तेव्हा ते सोळाव्या वर्षात होते, म्हणजे त्यांचे सारे तारुण्य या धगीतच गेले. पोर्फिरिओ दीआस यांची तीन दशकांची हुकूमशाही कोसळली, फ्रान्सिस्को मादेरो अध्यक्ष झाले, आणि १९१३ मध्ये जनरल विक्तोरियानो वेर्ता यांनी सत्ता बळकावली व मादेरो यांचा खून झाला. मग उत्तरेत पांचो व्हिया आणि व्हेनुस्तियानो कारान्सा, दक्षिणेत एमिलियानो सापाता असे सगळे वेर्तांविरुद्ध उठले. वेर्ता पळाले आणि जिंकलेले एकमेकांवर उलटले. सापातांना १९१९ मध्ये चिनामेका येथील हासिएन्दावर, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यावर, बोलावून घेऊन दग्याने ठार केले. १९२० मध्ये कारान्सा आणि १९२३ मध्ये व्हिया मारले गेले. ही नावे लक्षात ठेवावीत, कारण पुढे एका भिंतीवर यांतलीच काही नावे तसबिरींच्या रूपाने टांगलेली दिसतात.

चित्रपटाकडे दे फ्वेन्तेस आले ते चित्रपटगृहाच्या व्यवस्थापनातून. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रेक्षक कुठे सावरून बसतो, कुठे खोकू लागतो, कुठे त्याचा श्वास अडकतो, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे त्याला दृश्य किती लांबवायचे याचे शिक्षण वेगळे घ्यावे लागत नाही. पुढे 'सान्ता' या चित्रपटावर त्यांनी सहायक म्हणून आणि संकलनात काम केले. चित्रफितीवरच ध्वनी मुद्रित केलेला मेक्सिकोचा हा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट ३० मार्च १९३२ रोजी मेक्सिको शहरात लागला. आपल्याकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला मुंबईत लागला होता. म्हणजे मराठी आणि मेक्सिकन बोलपट अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने बोलू लागले. 'सान्ता'साठी ध्वनिमुद्रणाची यंत्रणा रोद्रीगेस बंधूंनी स्वतः घडवलेली होती, आणि नव्या यंत्राने बहुतेक दिग्दर्शकांना जे होते ते तिथेही झाले: माणसे सारखी बोलू लागली. दे फ्वेन्तेस यांनी फार लवकर ओळखले की बोलपटात गप्प बसणे हीसुद्धा आता एक कृती झाली आहे.

१९३३ मधला 'एल प्रिसिओनेरो त्रेसे' म्हणजे 'तेरावा कैदी' हा क्रांतिपटांतला पहिला. वेर्तांच्या राजवटीतला कर्नल कारास्को दारुडा आणि हडेलहप्पी आहे. बायको लहान मुलाला घेऊन घर सोडून गेली आहे. वर्षे लोटतात. कटाच्या संशयावरून पकडलेल्या माणसांना पहाटे गोळ्या घालायच्या असतात, आणि त्यांतल्या एकाला सोडवण्यासाठी त्याचे नातेवाईक कर्नलला लाच देतात. कर्नल पैसे घेतो. पण कैद्यांचा आकडा भरला पाहिजे, म्हणून रस्त्यावरून जाणारा कोणीही एक तरुण उचलून आणण्याचा हुकूम सोडतो. तो तरुण त्याचा स्वतःचा मुलगा निघतो. कथेचा हा सापळा जुन्या भावनाप्रधान नाटकातला आहे, हे मान्य करू. तरीही यातल्या भ्रष्टाचाराचे चित्रण आजही अंगावर येते, कारण ते सरकारी व्यवहारासारखे, हिशेबाच्या वहीतल्या ओळीसारखे मांडले आहे. कुठेही कोणी राक्षसासारखे हसत नाही. आकडा कमी पडला, आकडा भरला, एवढेच.

या चित्रपटावर लष्कराची बदनामी होते असा आक्षेप आला, प्रदर्शन थांबवले गेले, आणि शेवटी सगळे कर्नलला नशेत पडलेले स्वप्न होते असे दाखवणारा तुकडा जोडून चित्रपट पुन्हा लावला गेला. हा तुकडा पाहताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. गोळीबाराचा आवाज झाल्यानंतर प्रेक्षकाने जे ओझे घरी न्यायचे, तेच त्याच्या हातून काढून घेतले आहे. दे फ्वेन्तेस यांनी या अनुभवातून काय धडा घेतला असेल, ते पुढच्या क्रांतिपटाच्या शेवटात दिसते: तिथे झोपेतून कोणीही जागे होत नाही.

तो पुढचा क्रांतिपट म्हणजे 'एल कोंपाद्रे मेन्दोसा'. निर्मिती १९३३ ची, प्रदर्शन १९३४ चे. मूळ कथा माउरिसिओ माग्दालेनो यांची, पटकथा हुआन बुस्तियो ओरो आणि स्वतः दे फ्वेन्तेस यांची. माझ्या मते त्यांची सर्वांत निर्दोष कलाकृती हीच आहे, आणि या उत्तराचा मोठा भाग मी तिलाच देणार आहे.

रोसालिओ मेन्दोसा हा सुखवस्तू हासिएन्दामालक आहे. त्याचा परिसर आज सरकारी फौजेच्या ताब्यात असतो, उद्या सापातांच्या शेतकरी बंडखोरांच्या. मेन्दोसा दोघांचेही तोंडभरून स्वागत करतो. सापातावादी येताहेत असे कळले की दिवाणखान्यात सापातांची तसबीर लागते. सरकारी अधिकारी आले की तिथेच वेर्तांची. पुढे वेर्ता गेले आणि कारान्सांची सत्ता आली की खिळा तोच राहतो, तसबीर बदलते. पहिल्या भागात प्रेक्षक यावर मनापासून हसतो, आणि ते हसू दिग्दर्शकाला हवेच आहे. वारा येईल तशी पाठ फिरवणारा, सर्वांशी गोड राहणारा, पानात भरभरून वाढणारा असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात असतो, आणि तो आपल्याला आवडतही असतो. आल्फ्रेदो देल दिएस्त्रो या नटाने, 'तेरावा कैदी'मधला क्रूर कर्नल यानेच केला होता, मेन्दोसाला इतका ऊबदार केला आहे की त्याच्याबद्दल संशय घेणे प्रेक्षकाच्या जिवावर येते.

मेन्दोसाच्या लग्नाच्या दिवशी मेजवानी ऐन रंगात असताना सापातावादी चालून येतात. सरकारी अधिकारी पाहुणे म्हणून बसलेले असल्याने मेन्दोसालाही शत्रू समजून गोळी घालण्याची तयारी होते. जनरल फेलिपे नियेतो त्याला वाचवतो. इथून दोघांची मैत्री जमते, नियेतोचे घरी येणे-जाणे सुरू होते, मुलगा होतो तेव्हा त्याचे नाव फेलिपे ठेवले जाते आणि नियेतो त्याचा धर्मपिता होतो. आता मेन्दोसा आणि नियेतो एकमेकांचे 'कोंपाद्रे' झाले. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. मुलाचा बाप आणि त्याच मुलाचा धर्मपिता यांच्यातले ते नाते आहे, आणि ते रक्ताच्या भावाइतके बंधनकारक मानले जाते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून आलेला 'कोंपार' हा शब्द याच नात्यासाठी आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांना शीर्षकातले वजन चटकन कळेल. चित्रपटाचे नाव 'मेन्दोसा' नाही, 'कोंपाद्रे मेन्दोसा' आहे. ज्या नात्याला तो पुढे विकणार आहे, तेच नाते नावात आधी लिहिले आहे.

यात आणखी एक धागा आहे, आणि तो जवळजवळ न बोलता विणलेला आहे. मेन्दोसाची तरुण पत्नी दोलोरेस आणि नियेतो यांच्यात ओढ आहे. दोघांनाही ती ठाऊक आहे, दोघेही ती ओलांडत नाहीत. दुसऱ्या कोणत्याही दिग्दर्शकाने इथे एक चोरटी भेट, निदान एक अश्रू घातला असता. दे फ्वेन्तेस मुलाला मध्ये ठेवतात: नियेतो मुलाशी खेळतो, आई पाहते, आणि कॅमेरा तिच्या पाहण्यावर आवश्यकतेपेक्षा किंचित जास्त थांबतो. संकलनात या 'किंचित'चा हिशेब फार अवघड असतो. एवढ्याशा काळात त्या तिघांचे दुसरे, न घडलेले घर उभे राहून मावळते. शिवाय घरात एक मुकी मोलकरीण आहे. एमा रोल्दान यांनी केलेली ही भूमिका मला संपूर्ण चित्रपटाचा कणा वाटते. बोलपटाच्या अगदी पहिल्या वर्षांत, प्रत्येक निर्माता आवाज विकत असताना, सगळे पाहणारी पण बोलू न शकणारी साक्षीदार पडद्यावर आणणे हे मोठ्या आत्मविश्वासाचे लक्षण आहे.

मग मेन्दोसाचे दिवस फिरतात. त्याचा माल आगगाडीसकट जळून जातो, कर्ज अंगावर येते, राजधानीत जाऊन नवे आयुष्य सुरू करण्याची त्याची आशा धोक्यात येते. कारान्सांच्या सैन्यातला कर्नल त्याच्यापुढे सौदा ठेवतो: नियेतोला वाड्यावर बोलाव. मेन्दोसा तडफडतो, टाळतो, नाही म्हणतो, आणि अखेर होकार देतो. इथे दिग्दर्शकाने जो संयम दाखवला आहे त्याला तोड नाही. मेन्दोसा एका क्षणात खलपुरुष होत नाही. तसबीर बदलणारा हात आणि मित्राला बोलावणारा हात एकच आहे, हे आपल्याला हळूहळू उमगते, आणि सुरुवातीला आपण ज्यावर हसलो होतो ते हसू आता घशात अडकते. नियेतो विश्वासाने येतो, कारण हे त्याचेही घर आहे. शेवटी गाडीत बसून कुटुंब निघते आणि वाड्याच्या प्रवेशद्वाराच्या कमानीत त्यांना नियेतोचा लटकलेला देह दिसतो. ज्या दारातून तो इतकी वर्षे पाहुणा म्हणून आत आला, त्याच दारातून बाहेर पडताना या कुटुंबाला त्याच्याखालून जावे लागते.

१९३४ च्या मेक्सिकन प्रेक्षकाला यात चिनामेका दिसले नसेल हे अशक्य आहे; सापातांच्या खुनाला तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. सत्ताधारी पक्ष क्रांतीचा वारस म्हणून मिरवत होता, सरकारी इमारतींच्या भिंतींवर क्रांतीची भव्य चित्रे रंगत होती. त्या काळात एक दिग्दर्शक सांगतो की क्रांतीला शत्रूने जितके मारले त्याहून अधिक तिच्या गोडबोल्या मित्रांनी मारले. हे धाडस घोषणेशिवाय केलेले आहे, म्हणून ते टिकले.

तिसरा क्रांतिपट 'व्हामोनोस कोन पांचो व्हिया', म्हणजे 'चला, पांचो व्हियाबरोबर', हा आकाराने पहिल्या दोघांपेक्षा कितीतरी मोठा. राफाएल एफ. मुन्योस यांची कादंबरी, दे फ्वेन्तेस आणि कवी झाव्हिएर व्हियाउर्रूतिया यांची पटकथा, सिल्व्हेस्त्रे रेव्हुएल्तास यांचे संगीत, क्लासा या नव्या निर्मितिसंस्थेचा नवा स्टुडिओ, आणि लासारो कार्देनास यांच्या सरकारचा पाठिंबा. सैनिक, घोडे, आगगाड्या, दारूगोळा हे सारे सरकारने पुरवले. तरीही खर्च सुमारे १० लाख पेसोंवर गेल्याचे सांगतात; त्या काळच्या मेक्सिकोत ही रक्कम अवाढव्य होती आणि तिने संस्थेचे कंबरडे मोडले.

एवढी सामग्री हाताशी असताना व्हिया पडद्यावर पहिल्यांदा येतो तो औदार्याने: आगगाडीच्या डब्यात उभा राहून तो गोरगरिबांना मका वाटतो आहे. दोमिंगो सोलेर यांचा व्हिया इथे खरोखर लोकनायक दिसतो, आणि सान पाब्लो गावचे सहा मित्र त्याच्यामागे निघतात ते का, हे आपल्याला पटते. यापुढे चित्रपट या सहा जणांना एकेक करून मोजत जातो. माक्सिमो घोड्यावरून फास टाकून शत्रूची मशीनगन ओढून आणतो, व्हियाच्या पुढ्यात ती ठेवतो आणि तिथेच कोसळतो. हे मरण अजून वीराचे आहे. पुढची मरणे तशी नाहीत.

मद्यालयातला प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी दोनदा दाखवतो, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. लढाई जिंकून हे सैनिक टेबलाभोवती बसले आहेत. मोजले तर तेरा जण भरतात, आणि तेरांतला एक मरणार ही अंधश्रद्धा. मग खेळ ठरतो: दिवे मालवायचे, भरलेले पिस्तूल अंधारात वर फेकायचे, पडताना सुटणारी गोळी जो सर्वांत भित्रा असेल त्याला लागेल. कोपऱ्यात पियानोवाला बसला आहे, पियानोवादकावर गोळी झाडू नये अशी विनंती करणारी पाटी त्याच्याजवळ लावलेली आहे, आणि तो वादक म्हणजे खुद्द संगीतकार रेव्हुएल्तास आहेत. दिवे जातात. पडदा काळा होतो. चित्रपटगृहात बसलेला प्रत्येक माणूस त्या क्षणी त्या टेबलाशी चौदावा होतो. गोळी मेलितोन या जाडजूड, हसऱ्या गड्याच्या पोटात लागते, आणि आपण भित्रे नाही हे सिद्ध करण्यासाठी तो स्वतःच्या हाताने उरलेले काम पुरे करतो. शत्रू जवळपासही नाही. मर्दानगीची कल्पनाच माणूस खाते आहे, हे सांगायला एकही वाक्य खर्चावे लागलेले नाही.

सहांतले शेवटी दोघे उरतात: तिबुर्सिओ माया आणि सर्वांचा लाडका, कोवळा बेसेरियो. 'कोंपाद्रे'मध्ये नियेतो झालेले आन्तोनिओ आर. फ्राउस्तो हेच इथे तिबुर्सिओ आहेत. बेसेरियोला देवी येतात. साथ पसरू नये म्हणून त्याला त्याच्या वस्तूंसकट जाळून टाकण्याचा हुकूम येतो आणि तो पाळण्याचे काम तिबुर्सिओच्या वाट्याला येते. त्यानंतर व्हिया येतो. तिबुर्सिओ त्याच्याकडे पाऊल टाकतो आणि व्हिया मागे सरतो. संसर्गाच्या भीतीने तो या सैनिकाला जवळ येऊ देत नाही, मागेच राहायला सांगतो. मका वाटताना लोकांच्या गर्दीत हात घालणारा हाच माणूस होता. सुरुवातीचे ते दृश्य आणि हे मागे सरणे यांच्यामध्ये जवळपास सगळा चित्रपट आहे, पण दोन्ही दृश्ये एकमेकांना चिकटवल्यासारखी आठवतात. याला मी दूरचे संकलन म्हणतो. तिबुर्सिओ रुळांच्या कडेने अंधारात चालत जातो आणि चित्रपट संपतो.

आता त्या गोड चित्रपटाकडे येऊ. 'आया एन एल रान्चो ग्रान्दे' ६ ऑक्टोबर १९३६ रोजी लागला. आधी पूर्ण झालेला व्हियाचा चित्रपट त्यानंतर, ३१ डिसेंबरला. प्रेक्षकांनी 'रान्चो ग्रान्दे' डोक्यावर घेतला आणि व्हियाकडे फारसे पाहिले नाही. गायक तीतो ग्विसार, एस्तेर फेर्नान्देस, रेने कार्दोना. एक दयाळू मालक, त्याचा बालमित्र असलेला मुकादम, दोघांच्या मध्ये आलेली एक पोरकी मुलगी. एमा रोल्दान इथेही आहेत, पण या वेळी त्या मुलीचा सौदा करू पाहणाऱ्या बाईच्या भूमिकेत. गाण्याच्या मैफलीत प्रतिस्पर्ध्याच्या एका कडव्यातून मुकादमाला आपल्या प्रेयसीविषयीचा प्रवाद पहिल्यांदा कळतो. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबाशी ज्याचा परिचय आहे त्याला या प्रसंगाची घडण लगेच ओळखीची वाटेल: टाळ्या पडताहेत, वाद्ये चालू आहेत, आणि त्या लयीतच एक माणूस सर्वांदेखत उद्ध्वस्त होतो आहे. हा प्रसंग 'कोंपाद्रे' करणाऱ्यालाच जमावा असा आहे.

या चित्रपटावरचा आक्षेप मला मान्य आहे. कार्देनास यांचे सरकार मोठ्या हासिएन्दा फोडून शेतकऱ्यांना जमिनी वाटत होते, आणि नेमक्या त्याच वेळी हा चित्रपट चांगल्या मालकाच्या छत्राखाली सुखाने नांदणारी हासिएन्दा दाखवतो. तीन वर्षांपूर्वी ज्या वाड्याच्या कमानीला प्रेत लटकले होते, त्याच जातीच्या वाड्यात आता लग्नाच्या वराती निघतात. दे फ्वेन्तेस यांनी मते बदलली असे मला वाटत नाही. प्रेक्षक कुठे खोकतो आणि कुठे खिळतो हे जाणणाऱ्या माणसाने एका बुडत्या धंद्याला काय लागेल ते ओळखले, आणि ते मनापासून, कसलेल्या हाताने दिले. पण जे त्यांनी सोडले त्याची किंमत मी कमी करू इच्छित नाही.

धंद्यावर झालेला परिणाम प्रचंड होता. चारो, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वाराच्या पारंपरिक, पोशाखातला गाणारा नायक, मद्यालय, कोंबड्यांची झुंज, गैरसमज आणि समेट हा साचा 'कोमेदिया रान्चेरा' नावाने रूढ झाला, स्पॅनिश बोलणाऱ्या साऱ्या देशांत विकला गेला आणि दोन वर्षांत मेक्सिकोची वार्षिक निर्मिती दुपटीहून अधिक झाली. छायाचित्रकार गाब्रिएल फिगेरोआ यांना या चित्रपटासाठी १९३८ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव मिळाला. प्रभातच्या 'संत तुकाराम'ची व्हेनिसमध्ये दखल घेतली गेली ती त्याच्या आदल्याच वर्षी. फिगेरोआ पुढे एमिलिओ फेर्नान्देस यांच्याबरोबर जगभर गाजले, आणि 'रान्चो ग्रान्दे'त हाराबे तापातियो हे नृत्य करणारा तरुण म्हणजे हेच एमिलिओ फेर्नान्देस. ज्या परंपरेला मेक्सिकन चित्रपटाचे सुवर्णयुग म्हणतात, तिची पुष्कळ माणसे दे फ्वेन्तेस यांच्या सेटवरून गेलेली आहेत.

त्यानंतरच्या काळाविषयी थोडक्यात सांगतो. तीसहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत आणि बरेचसे कुशल पण सामान्य आहेत. १९४३ चा 'दोन्या बार्बारा' मात्र पाहावा: रोमुलो गायेगोस यांच्या व्हेनेझुएलातल्या कादंबरीवरचा हा चित्रपट मारिया फेलिक्स यांना 'ला दोन्या' हे आयुष्यभराचे बिरुद देऊन गेला. १९३५ चा 'ला फामिलिया द्रेसेल' हा मेक्सिको शहरातल्या एका जर्मन व्यापारी कुटुंबावरचा छोटेखानी कौटुंबिक चित्रपट मला विशेष प्रिय आहे. तिथे क्रांती नाही, पण परक्या सुनेला दार उघडायचे की नाही हा उंबरठ्याचाच प्रश्न आहे. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे राहिले ते काय, याचे एक उत्तर संस्थांनी दिले आहे. मेक्सिकोचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, सिनेतेका नासिओनाल, जानेवारी १९७४ मध्ये उघडले ते 'कोंपाद्रे मेन्दोसा' दाखवून, आणि तिथल्या एका प्रेक्षागृहाला त्यांचे नाव दिले गेले. १९९४ मध्ये 'सोमोस' या मासिकाने समीक्षक आणि अभ्यासकांकडून शंभर सर्वोत्तम मेक्सिकन चित्रपट निवडून घेतले तेव्हा पहिल्या क्रमांकावर 'व्हामोनोस कोन पांचो व्हिया' होता आणि तिसऱ्यावर 'कोंपाद्रे मेन्दोसा'. लागला तेव्हा ओस पडलेला चित्रपट साठ वर्षांनी शिखरावर गेला, याचा मला एक व्यावसायिक म्हणून फार आनंद होतो.

दुसरे उत्तर संकलनाच्या टेबलावरचे आहे. व्हियाच्या चित्रपटाचा आणखी एक शेवट होता, तो वगळला गेला आणि अनेक वर्षांनी एका जुन्या प्रतीत सापडला. त्यात तिबुर्सिओ शेतावर परतला आहे. बायको, मुलगी, मुलगा आहेत. पराभूत व्हिया दारात येतो आणि त्याला पुन्हा लढायला बोलावतो. तिबुर्सिओ आपल्या संसाराकडे बोट दाखवतो. तेव्हा व्हिया आत जातो, त्याची बायको आणि मुलगी यांना गोळ्या घालतो, म्हणजे आता मागे खेचणारे कोणी उरले नाही. तिबुर्सिओ त्याच्यावर बंदूक रोखतो आणि व्हियाच्या साथीदाराच्या गोळीने मरतो, आणि व्हिया त्याच्या मुलाला बरोबर घेऊन निघतो. 'तेराव्या कैद्या'तला बाप नकळत स्वतःच्या मुलाला मरणाच्या रांगेत उभा करतो. मेन्दोसा आपल्या मुलाच्या धर्मपित्याला विकतो. इथे क्रांतीच मुलाला बापाच्या प्रेतावरून उचलून नेते. विद्यार्थी विचारतात की यांतला कोणता शेवट बरोबर. मी दोन्ही दाखवतो, पण चित्रपटात ठेवण्यासाठी मी अंधारातले ते चालणेच निवडेन. सापडलेला शेवट व्हिया कसा आहे हे सांगतो. रुळांच्या कडेने चालणाऱ्या तिबुर्सिओचा चेहरा आपल्याला नीट दिसतही नाही. दिसते ती पाठ, आणि ज्या गाडीच्या मागे तो घर सोडून निघाला होता ती आता त्याला न घेता उभी आहे.